पैलवानबाईंकडे पाठवू का?

बारकी जन्माला आली ती इतकी एवढीशी होती की दवाखान्यातल्या नर्सनं तिला आईच्या हातात देताना "नीट धरा हां, निसटेल" असं बजावलं होतं. तेव्हापासून घरात तिचं नाव बारकी. पुढं तिची मान आणि खांदे जवळजवळ एक झाले, अरुंद दारातून जाताना ती सवयीनं तिरकी व्हायला लागली, कुस्तीत देशात पहिली आली म्हणून पेपरात फोटो छापून आला, तरी नाव काही बदललं नाही. "बारके, जरा ते कपाट उचलून धर, खाली केर अडकलाय," असं तिची थोरली बहीण सहज म्हणायची, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे हे दोघींच्याही डोक्यात यायचं नाही.

वडील लाकडाच्या वखारीत क्रेन चालवत. आई तरणतलावाच्या खिडकीत बसून टॉवेल आणि लॉकरच्या किल्ल्या द्यायची. शाळा सुटली की आईची पाळी संपेपर्यंत बारकीनं तिथंच कुठंतरी बसायचं, असा नियम होता. तलावाचं पाणी कोमट ठेवायला तळघरात एक बॉयलर होता आणि बॉयलरच्या बरोबर वर एक लांबट खोली. जमीन पायाला गरम लागायची, भिंतींना कायमची ओल, आणि रबर, घाम, क्लोरीन यांचा मिळून एक वास. त्या खोलीत मुलं कुस्ती खेळायची. शिकवणारे गृहस्थ म्हणजे बॉयलर सांभाळणारेच. त्यांना सगळे मामा म्हणत. शिकवता शिकवता मधेच "थांबा रे" म्हणून ते खाली जायचे, वाफेचा काटा बघून यायचे आणि अर्धवट सोडलेला डाव तिथूनच पुढं सांगायचे.

एकदा एक थोराड मुलगा बारकीच्या दप्तरावर बसला. ऊठ म्हटलं तर उठेना, वर दात काढून हसायला लागला. बारकीनं त्याचे दोन्ही घोटे धरून त्याला खेचला आणि तो सावरायच्या आत त्याच्या छातीवर जाऊन बसली. मामा तेवढ्यात जिना चढून वर आले होते.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"तो माझ्या दप्तरावर बसला होता."

"मी काय विचारतोय आणि तू काय सांगतेस," मामा म्हणाले. पण उद्यापासून बूट घेऊन ये, असंही म्हणाले.

मामांनी तिला डाव शिकवले, पण त्याहून जास्त त्यांनी तिच्या रागाशी झटापट केली. बारकी रागीट होती. तिच्या वाटणीचं कोणी घेतलं, कोणी खोटं बोललं, कोणी तिच्याऐवजी दुसऱ्याला ओरडलं, कशानंही तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मॅटवर तर विचारायलाच नको.

"रागावलेला माणूस काय करतो?" मामा विचारायचे. "मान पुढं काढतो. आणि पुढं आलेल्या मानेचं मी काय करतो?"

"धरता."

"मग?"

"मग मी खाली."

"मग रागव. कोण नको म्हणतंय? पण मान मागं ठेवून रागव."

ते तिला जमलं. जमलं म्हणजे इतकं, की विशी गाठायच्या आत ती तिच्या वजनगटात देशात पहिली आली. पुढच्या वर्षी पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. मॅटवर घासून घासून कान सुजले, आतलं रक्त गोठलं आणि ते कायमचे गोळा होऊन बसले. आईनं त्या कानांसाठी डोळ्यांतून पाणी काढलं. वडील म्हणाले, "केस आहेत की वर झाकायला." खेळावर नोकरी नाही, पगार नाही, हौशी खेळाडू म्हणजे पदरमोड करून फिरायचं. ती सकाळी वखारीत फळ्यांना नंबर घालायची आणि संध्याकाळी बॉयलरच्या खोलीत. पण तक्रार नव्हती. परदेशात मोठी स्पर्धा होती, तिथं आपण जाणार, हे तिला तिच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

गेली दुसरीच. निवड चाचणी झालीच नाही. कुस्ती संघाचं नवं सभागृह ज्या माणसानं बांधून दिलं होतं, त्याच्या मुलीचं नाव यादीत आलं. बारकीनं त्याच हंगामात तिला दोन वेळा चीत केलं होतं, आणि ती मुलगी चांगली होती, तिला स्वतःलाच लाज वाटली असणार. बारकी तडक संघाच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी टेबलाशी बसून संत्रं सोलत होते.

"अगं, तू काय पळून जाणार आहेस का?" ते म्हणाले. "पुढच्या वेळी."

संत्र्यावरचे हात थांबले नाहीत. तिनं त्या हातांकडे बघितलं, आणि पुढचं तिला नीट आठवतसुद्धा नाही. टेबल उलटं झालं. टेलिफोन, कप, फायली, संत्रं, सगळं जमिनीवर, आणि सेक्रेटरी खुर्चीसकट भिंतीला. त्यांना लागलं नाही. पण त्यांना जे हवं होतं ते मिळालं. दोन वर्षं बंदी. त्या वयात दोन वर्षं म्हणजे सगळंच.

ती मामांकडे गेली तेव्हा तिला वाटलं होतं, मामा संघाला शिव्या घालतील. मामा काटा पुसत होते. "मान पुढं काढलीस," ते म्हणाले.

"त्यांनी जे केलं त्याचं तुम्हाला काही नाही?"

"ते तसलेच आहेत, त्यांचं काय वाटून घ्यायचं. तू माझी आहेस."

हे प्रेमाचं बोलणं आहे हे तिला तेव्हा कळलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं की मामाही आपल्यालाच बोलतात. ती जिना चढून निघून गेली आणि कितीतरी वर्षं त्या तलावाकडे फिरकली नाही.

थोरली बहीण रुग्णालयात नर्स होती, आणि दुसऱ्यांच्या आयुष्याला टाके घालायची तिला सवयच होती. ती म्हणाली, "आता काय, घरात बसून भिंती पाडणार आहेस? शिक्षकांच्या कॉलेजात खेळाडूंसाठी जागा असतात. घे व्यायामाचा विषय आणि हो मास्तरीण."

बारकी गेली, पण तिनं व्यायाम घेतला नाही. गणित घेतलं. शाळेत असताना सरावाच्या शिबिरांपायी ती गणितात दोनदा नापास झाली होती, आणि तेव्हाचे गणिताचे सर वर्गासमोर म्हणाले होते, "तू कुस्तीच खेळ बाई, तिथं डोकं लागत नाही." ते वाक्य तिनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. लोक आवड म्हणून विषय निवडतात, बारकीनं खुन्नस म्हणून निवडला. दोन वर्षं ती त्या पुस्तकांवर अशी तुटून पडली की थोरली म्हणायची, "पानं फाडू नकोस, ग्रंथालयाची आहेत." शेवटी ती पास झाली, चांगली पास झाली. आणि गंमत म्हणजे मधेच कधीतरी तिला गणित आवडायला लागलं होतं.

पहिली नोकरी लागली ती जुन्या तीनमजली शाळेत. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, जिन्यात ओल्या फडक्याचा वास, वर्गात खिडक्या इतक्या उंच की बाहेर फक्त आभाळ दिसायचं. तिथले मुख्याध्यापक, हेडसर, मऊ बोलायचे. टायच्या टोकानं चष्मा पुसत पुसत बोलायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्यासाठी ओरडणारी माणसं त्यांनी पगारावर ठेवली होती. बारकीला त्यांनी हौसेनं घेतलं. पहिल्याच दिवशी तिला वर्गावर्गातून फिरवलं आणि सांगितलं, "या आपल्या नव्या बाई. देशाच्या कुस्ती चॅम्पियन. तेव्हा जपून."

मुलं हसली. बारकीही हसली.

महिनाभरात ती पैलवानबाई झाली. कुठं बाक सरकवायचा असला, प्रयोगशाळेतली टाकी हलवायची असली, की शिपाई सरळ तिच्या वर्गात यायचा. ते तिनं मनावर घेतलं नाही. पण दुसरंही एक सुरू झालं होतं. थर्मास घेऊन वर्गात येणारे एक सर होते, ते मुलांना म्हणायचे, "गप्प बसताय, की पैलवानबाईंकडे पाठवू?" चित्रकलेच्या बाई तिची मैत्रीण, त्याही म्हणायच्या. कोणी गृहपाठ केला नाही, कोणी भांडलं, की हेडसर त्याला बारकीच्या वर्गाबाहेर उभं करायचे. काही करायचं नाही, नुसतं उभं. मुलं रडायचीच.

आणि खरं सांगायचं तर बारकीला ते आवडत होतं. संघानं तिला भंगारात काढलं होतं, आणि इथं तिच्या नुसत्या नावानं आख्खा मजला चिडीचूप होत होता. तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. शेजारच्या वर्गात बाजार भरलेला असायचा आणि इथं फक्त खडूचा आवाज. तिला वाटलं, आपल्याला जमलं. आपण चांगल्या शिक्षिका आहोत.

याच काळात तिचं लग्नही झालं. वर्गातली फुटलेली तावदानं बसवायला एक काचवाला आला होता. शिडीवर चढून काम करत तिचा आख्खा तास त्यानं ऐकला. तास संपल्यावर म्हणाला, "बाई, तुमची पोरं श्वास घेतात ना?" तिला त्याचा रागच आला. पण रागावलेल्या बारकीशी नजर खाली न घालता बोलणारा तो एकटाच निघाला, म्हणून मग पुढं सगळं जुळलं. दोघं एकमेकांना अरे-तुरे करायची आणि भांडायचीही बरोबरीनं.

वर्षाअखेर परीक्षा झाली आणि तिचा अर्धा वर्ग अपूर्णांकात आपटला. शेजारचा तो बाजारवाला वर्ग चांगल्या मार्कांनी पास. बारकी पेपरांचा गठ्ठा घेऊन वर्गात आली आणि तोफ डागली. वर्षभर शिकवलं. फळा भरभरून शिकवलं. कळत नव्हतं तर विचारलं का नाही कोणी?

तिनं मागच्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं. दोन वेण्या, शाईचे डाग पडलेली बोटं, हुशार डोळे. हिला का जमलं नाही हे बारकीला खरंच कळत नव्हतं.

"तू सांग. का नाही विचारलंस?"

मुलगी बाकाची कड खरवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही माराल असं वाटलं."

"मी कधी कोणाला मारलंय?"

"नाही."

"मग?"

"सगळे म्हणतात, तुम्ही एकदाच मारता."

बारकी खुर्चीत बसली. त्या मुलीला छेद म्हणजे काय हेच कळलेलं नव्हतं, पहिल्या आठवड्यापासून. तिथूनच तिचं गाडं अडलं होतं, आणि वर्षभर ती नुसती मान डोलावत बसली होती. वर्गातल्या त्या शांततेचा अर्थ बारकीला तेव्हा कळला. आणि मग राग आला. आधी मुलांचा, मग स्वतःचा, आणि मग जिथं यायला हवा होता तिथं.

ती हेडसरांकडे गेली. "माझं नाव घेऊन मुलांना भिववायचं बंद करा."

हेडसरांनी चष्मा पुसला. "बाई, ही तर तुमची कीर्ती आहे. एवढी शिस्त या शाळेनं पूर्वी पाहिली नव्हती."

"माझी अर्धी मुलं नापास झाली."

"गणित अवघडच असतं," हेडसर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात जाहीर करून टाकलं की मी कोणाला मारलेलं नाही आणि कधी मारणार नाही. पहिल्या रांगेतल्या एका मुलाला हुंदका आला. घरी आल्यावर तिनं काचवाल्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "हे तू ओरडून सांगितलंस का?"

"हो."

"मग झालं."

शेवटी तिनं वेगळंच केलं. व्यायामशाळेतल्या जाड गाद्या पसरल्या, स्वतः मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, ज्याला गणितातली अडचण विचारायची असेल त्यानं यायचं, विचारायचं, आणि मग मला पाडायचा एक प्रयत्न करायचा. पाहिजे तर आणखी दोघं मदतीला घ्या. मुलं आधी एकमेकांना कोपरानं ढोसत राहिली. मग ती शाईच्या बोटांची मुलगी उठली. छेद म्हणजे नक्की काय, हे विचारलं. बारकीनं गादीवर बसून तिला ते समजेपर्यंत सांगितलं. मग त्या मुलीनं डोकं खाली घालून बारकीच्या पोटावर अशी धडक मारली की वर्ग उभाच राहिला. बारकी तसूभर हलली नाही. मुद्दाम हरणं तिच्या रक्तातच नव्हतं. पण त्या तासाला बावीस अडचणी विचारल्या गेल्या आणि शेवटी आठ-दहा पोरं तिच्या पायांना लोंबकळत होती. त्या आरडाओरड्यानं खालच्या मजल्यावरचे थर्मासवाले सर जिना चढून बघायला आले.

हेडसरांना हे रुचलं नाही. "तुम्ही स्वतःचा धाक घालवताय," ते म्हणाले. "आणि माझाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हेडसरांच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा कोणीतरी सोडली. एक बारा वर्षांचा, कायम नाक ओढणारा, खिशात व्हॉल्वची टोपणं सापडलेला मुलगा पकडला गेला. बारकीला भर तासातून ऑफिसात बोलावणं आलं. तिथं हेडसर, थर्मासवाले सर, काहीतरी सही घ्यायला आलेल्या चित्रकलेच्या बाई, तो मुलगा आणि त्याचे वडील होते. वडील गोदामातले हमाल, कामावरूनच आलेले, टोपी हातात चुरगाळत उभे.

"बाई, याचं जरा बघा," हेडसर मऊ आवाजात म्हणाले. "याच्या वडिलांसमोरच बघा. म्हणजे घरीही लक्षात राहील."

"काय बघू?"

"तुम्हाला कळतंय."

"मला कळतंय म्हणूनच विचारतेय," बारकी म्हणाली. "याला चाकांत हवा भरायला लावा. चारही. हातपंपानं. मी पंप आणून देते. मी मारणार नाही."

हेडसरांचा चेहरा तसाच राहिला. टेबलावर फळ्यावर रेघा मारायची लांब लाकडी पट्टी होती, ती त्यांनी उचलली, मुलाला हात पुढं करायला सांगितलं आणि मारली. पट्टी आडवी नव्हती, धारेवर होती. पोरानं हात मागं घेतला तर दुसरी दंडावर बसली. तिसरीसाठी हात वर गेला तेव्हा तो खाली आलाच नाही, कारण बारकीनं मनगट धरलं होतं.

"सोडा," हेडसर म्हणाले.

"पट्टी सोडा."

"बाई, तुम्ही कोणाशी बोलताय हे—"

"पट्टी सोडा."

ती ओरडली नाही. तिच्या कानशिलात ठोके पडत होते, दात एकमेकांवर घट्ट बसले होते, आणि तिला त्या मनगटातली दोन हाडं बोटांखाली वेगवेगळी कळत होती. एवढा राग तिला सेक्रेटरीच्या टेबलापुढंही आला नव्हता. तिनं थोडा जोर वाढवला. हेडसरांच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान मुलासारखा. पट्टी पडली आणि त्याच क्षणी तिनं हात सोडला. मग ती वर्गात गेली आणि राहिलेलं उदाहरण पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी हेडसर हात गळ्यात बांधून आले आणि बारकीला घरी बसवण्यात आलं. चौकशी लागली. काचवाला एकदा कुठल्याशा कामासाठी शाळेत जाऊन आला आणि म्हणाला, "आज डावा हात गळ्यात होता. परवा उजवा होता ना?" त्यावर दोघं पोट धरून हसली, आणि हसता हसता बारकीला पुन्हा राग आला, कारण शिक्षणखात्याला त्या हातांतला फरक दिसणार नव्हता.

थर्मासवाल्या सरांनी जबाब दिला की बाईंनी अचानक हल्ला केला. चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं की मी खिडकीबाहेर बघत होते. मुलाच्या वडिलांनी सांगितलं की हेडसर मारत होते ते योग्यच होतं, पोरगं वाह्यात आहे. हे ऐकवेना तशी बारकी त्यांच्या घरी गेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"बाई, त्याला तिथंच शिकायचंय," ते म्हणाले. "तुम्ही जाल दुसरीकडे. तो कुठं जाईल?"

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता आलं नाही. परतीच्या वाटेवर ती इतक्या जोरात चालत होती की समोरची माणसं आपोआप बाजूला होत होती.

चौकशीत तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. त्यांना जुनं प्रकरण माहीत होतं.

"तुम्ही पूर्वीही एका अधिकाऱ्याचं टेबल उलटवलं होतं?"

"हो."

"म्हणजे राग आवरत नाही तुम्हाला."

"त्या वेळी आवरला नव्हता. या वेळी आवरला, म्हणून त्यांचं मनगट शाबूत आहे."

"किती जोर लावलात?"

"पट्टी पडेपर्यंत लागला तेवढा."

मधल्या गृहस्थांनी उसासा टाकला. ते तसे भले होते. म्हणाले, हेडसरांची माफी मागा, सगळ्यांसमोर, दोन वाक्यांत. विषय इथंच संपेल, तुम्ही उद्यापासून कामावर. विचार करायला आठवडा दिला.

घरात आठवडाभर तेच. थोरली म्हणाली, "दोन वाक्यं गं. मी दिवसातून दहा डॉक्टरांची मागते." आई म्हणाली, नोकरी आहे तर मान आहे. काचवाला काहीच म्हणाला नाही, नुसत्या काचा कापत बसला, आणि त्याच्या गप्प बसण्याचाही बारकीला राग येत होता. तिला स्वतःलाच कळत नव्हतं की हा तोच जुना राग आहे की दुसरा. तिच्या मनात दोन्ही वाक्यं तयारसुद्धा झाली होती.

आठवडा संपत आला तेव्हा एका दुपारी दारात मामा उभे. म्हातारे झालेले, जिना चढून दम लागलेला. बॉयलर काढून टाकला होता, त्याच्या जागी बटणांचं यंत्र आलं होतं आणि मामांना निवृत्त केलं होतं. इतक्या वर्षांत दोघं एक शब्द बोलले नव्हते. मामांनी खुर्ची ओढली आणि मागचं पान उलटावं तसं बोलायला लागले.

"माफी मागणारेस म्हणे. तुझी आई सांगत होती."

"मग काय करू? पुन्हा मान पुढं काढली ना मी."

"हात कुठं धरलास त्याचा?"

"मनगटाला."

"फिरवलास?"

"नाही."

"सोडलास कधी?"

"पट्टी पडल्यावर लगेच."

काचवाल्यानं चहा आणून ठेवला. "त्या टेबलानं तुझं काय बिघडवलं होतं?" मामा म्हणाले. "तेव्हा तू स्वतःसाठी भांडलीस, आणि आंधळी भांडलीस. ते मला पटलं नव्हतं, अजून पटत नाही. पण यात माफी मागण्यासारखं काय आहे ते मला सांग. मला तर काही सापडत नाही."

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते रागानं पुसलं. मामा चहा प्यायले, जिन्याला नावं ठेवली आणि निघून गेले.

तिनं माफी मागितली नाही. नोकरी गेली नाही, पण पगारवाढ रोखली आणि बदली झाली, शहराच्या शेवटच्या बसथांब्यापलीकडे. सामान न्यायला ती जुन्या शाळेत गेली तेव्हा चित्रकलेच्या बाई फाटकापर्यंत मागं आल्या. "माझीही नोकरी आहे गं," त्या म्हणाल्या.

"आहे ना," बारकी म्हणाली. "सांभाळ." त्या मैत्रीचा शेवट तिथंच झाला.

पुढं तिच्या कानावर आलं की जुन्या शाळेत पट्टी अजून चालते. आता ऑफिसचं दार लावून घेतात, एवढाच फरक. हे ऐकून ती संध्याकाळभर स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली, आणि मग तिनं शिक्षणखात्यात तक्रार केली. पुढच्या वर्षी पुन्हा केली. दर वर्षी करत राहिली. तिथल्या बाबूंना ती लांबून येताना दिसली की जेवणाची सुट्टी व्हायची.

नवी शाळा विटांच्या कारखान्याला लागून होती. बाकांवर रोज सकाळी लाल धूळ बसलेली असायची. मुख्याध्यापिका खोकत खोकत म्हणाल्या, "मारामारी फाटकाबाहेर. आत काय हवं ते करा." बारकीनं पहिल्या तासाला सगळं स्वतःच सांगून टाकलं, दुसऱ्या कोणी सांगायच्या आत. कान असे का, टेबल कोणाचं, मनगट कोणाचं. "कोणाला भ्यायचं असेल तर आत्ताच भिऊन घ्या," ती म्हणाली. "नंतर वेळ नाही, गणित आहे."

एका पोरानं हात वर केला. "हेडसर रडले का?"

"नाही. ओरडले."

"किती जोरात?"

तिनं तो आवाज काढून दाखवला. वर्ग हसला, आणि मग प्रश्न थांबेचनात. तिथं ती वीसेक वर्षं शिकवत राहिली, आणि तिच्या वर्गातला गोंगाट कारखान्याच्या भोंग्याच्या वर जायचा.

जुन्या हेडसरांचा सत्कार झाला तेव्हा ते थकले होते, पण टायच्या टोकानं चष्मा अजून पुसत होते. शाळेची जुनी चॅम्पियन म्हणून बारकीलाही बोलावणं आलं. काचवाला म्हणाला, "जायलाच पाहिजे का?" ती गेली. हेडसर भाषणात म्हणाले, "त्या काळी शिस्त होती. आमच्या या बाईंचं नुसतं नाव घेतलं की वर्ग गप्प व्हायचा." टाळ्या पडल्या. लोक वळून तिच्याकडे बघायला लागले.

बारकी उभी राहिली. "ती शिस्त नव्हती," ती म्हणाली. माईकची तिला गरज नव्हती. "मुलं भीत होती. वर्षभर भीत होती, आणि नापास होत होती. आणि मारत तुम्ही होता, दार लावून. मी पत्ते सांगू शकते, कोणाकोणाला मारलं त्यांचे."

उरल्यासुरल्या टाळ्याही थांबल्या. हेडसर हसले. "बाईंचा राग अजून तसाच आहे."

"आहे," बारकी म्हणाली आणि बाहेर पडली. तिच्यामागं कोणी आलं नाही. निदान एखादी खुर्ची तरी सरकेल, असं तिला दारापर्यंत वाटत होतं.

घरी काचवाला अंडी तळत होता. तिनं कोट न काढताच सगळं सांगितलं.

"मग, हलकं वाटतंय का?"

"अजिबात नाही."

"मग गेलीस कशाला?"

"मी नसते गेले तरी तो तेच बोलला असता. आणि सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या."

"त्या वाजवल्याच की."

"हो, पण नंतर थांबल्या."

काचवाल्यानं अंडं उलटलं. ती ओट्याला टेकून उभ्यानं जेवली, आपली अंडी खाल्ली, मग त्याच्या ताटलीतलंही एक उचललं. मग टेबलावरची काच कापायची हिरकणी आणि काचेचे तुकडे बाजूला सारून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढं ओढला. सोमवारी द्यायच्या होत्या, आणि अजून अर्ध्या बाकी होत्या.